‘पावसात चालते, मग गनने धुवायला काय हरकत?’ हरकत आहे

मोटरसायकल धुण्याबद्दलचा एक मेसेज बाइकवाल्यांमध्ये सारखा फिरत असतो. सारांश असा: गाडी पावसात चालते, म्हणजे तिची वायरिंग वॉटरप्रूफच असते, तेव्हा प्रेशर वॉशरची गन बिनधास्त मारा. फार तर आधी बॅटरीची तार काढा. धुऊन झालं की लगेच स्टार्ट करून रेस करा, आतलं पाणी उडून जाईल. शेवटी सगळ्या कपलरांवर (तारा जोडणारे प्लास्टिकचे जोड) डब्ल्यूडी-४० हा पाणी हटवणारा स्प्रे मारा, काम संपलं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणून सल्ला पटकन गळी उतरतो. आणि बिघाड त्याच दिवशी होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हॉर्न रुसतो, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागतो, तेव्हा धुण्याचा संशय कुणालाच येत नाही.

पहिली गोष्ट पावसाची. मोठ्यात मोठा थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत नाही, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या पुढे काम करतो. एवढ्या दाबाने नोझलमधून निघणाऱ्या धारेचा वेग हिशेबाने सेकंदाला १४० मीटरच्या घरात जातो, ताशी ५०० किलोमीटर. तुम्ही पावसात ताशी ९० ने गेलात तरी ही बरोबरी होत नाही. शिवाय पाऊस येतो वरून आणि समोरून. टाकी, सीट, मडगार्ड त्याला अडवायलाच बसवलेले असतात. गन मात्र खालून, मागून, तिरकी कशीही घुसते. सीटखालच्या फ्यूज बॉक्सवर खालून पाऊस कधी पडतो? अंतर वाढलं की धारेचा जोर झपाट्याने कमी होतो, हे खरं. पण चिखल निघत नाही म्हटल्यावर माणूस नोझल जवळच नेतो.

‘कपलर वॉटरप्रूफ असतात’ हे वाक्य सगळ्यात फसवं. सुट्या भागांवर आयपी ६७ असं काही लिहिलेलं असतं. धूळ आणि पाणी किती अडतं, हे सांगणारं हे मानक. त्यातला ७ हा आकडा सांगतो की तो भाग १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. पण ते पाणी स्थिर असतं. बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणजे धारेची पास झाली, असं ते मानकच म्हणत नाही. धारेसाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत. जवळून मारलेल्या ८०–१०० बारच्या गरम धारेसाठी तर ९ हा आणखी वेगळा आकडा. गाडीवरचा प्रत्येक कपलर त्या ९ च्या तोडीचा असेल, असं समजू नका.

आणि हे सगळं नव्या, न छेडलेल्या कपलरबद्दल झालं. सीलबंद कपलर उघडून पाहा. तोंडाशी एक रबरी रिंग असते, आणि मागच्या बाजूला प्रत्येक तारेभोवती एकेक छोटं रबरी बूच. टेस्टरची सुई मागून खुपसून करंट तपासला की त्या बुचाला भोक पडतं. फॉग लॅम्प किंवा अलार्म जोडताना तार सोलून वर नुसती इन्शुलेशन टेप गुंडाळलेली असेल, तर पाण्याला कपलरचीही गरज नाही. ते सोललेल्या जागेतून शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून, आवरणाच्या आतल्या आत, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं सरकत जातं. अशी तार पुढे कापून पाहा, तांबं काळं निघतं.

बॅटरीची तार काढल्याने धुताना शॉर्ट होत नाही, एवढं मान्य. पण कपलरमध्ये राहिलेलं पाणी तार परत जोडल्यावरही तिथेच असतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यात शॅम्पू मिसळलेला. त्यातून थोडा करंट वाहतच राहतो. पॉझिटिव्ह बाजूची पिन हळूहळू खाल्ली जाते आणि हिरवट पूड साचते. चावी बंद असली तरी इग्निशन स्विचपर्यंत, स्टार्टर रिलेपर्यंत करंट आलेला असतो, त्यामुळे ही झीज रात्रीही थांबत नाही.

रेस करण्याचं तर सोडाच. इंजिनची गरमी इंजिनजवळचं पाणी वाळवते. हेडलाइटमागचा कपलरांचा गठ्ठा थंडच राहतो. उलट तापलेल्या गाडीवर गार पाणी मारलं, की बंद खोक्यांतली हवा आकसते आणि सील जरा जरी सैल असेल तर बाहेरचं पाणी आत ओढून घेते. गाडी आधी हाताला गार लागू द्या. स्पार्क प्लगच्या खळग्यात पाणी साठून गाडी मिसिंग मारत (अडखळत चालत) असेल, तर आधी हवा मारून खळगा कोरडा करा, मगच प्लग खोला, नाहीतर ते पाणी सरळ सिलिंडरमध्ये. पुष्कळ इंजिनांत या खळग्याला पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा.

राहिली डब्ल्यूडी-४०. हा स्प्रे १९५३ मध्ये ॲटलस क्षेपणास्त्राचं बाह्य आवरण गंजू नये म्हणून तयार झाला, आणि पाणी हटवणं हेच त्याचं मूळ काम. ते तो चोख करतो. पण मागे उरणारा थर पातळ, त्यावर धूळ बसते, आणि पुढच्या दोन-चार धुण्यांत तो निघून जातो. कायमची सोय हवी तर कपलर सोडवून, कोरडा करून, रबरी रिंगवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात फिरवा. हे ग्रीस करंट वाहू देत नाही म्हणून घाबरू नका. पिना घट्ट बसल्या की जिथे त्या एकमेकींना टेकतात तिथून ते बाजूला सरकतं. ठासून मात्र भरू नका.

चिखलासाठी बादली, स्पंज आणि साध्या नळीचं मंद पाणी पुरतं, फक्त चिखल आधी दहा मिनिटं भिजू द्यावा लागतो. गन वापरायचीच तर चाकांच्या रिमांवर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला, तीही लांबून. स्विच, मीटर, चावीचं भोक, सीटखालचा भाग आणि साइड स्टँडचा स्विच यांच्या वाटेला तिने जाऊ नये. हा शेवटचा स्विच खाली चिखलातच असतो म्हणून लोक त्यावर हमखास धार मारतात, आणि मग स्टँड वर असूनही गिअर टाकला की इंजिन बंद पडतं.