गोळीच्या वेळा आणि लिहिण्याच्या वेळा

आजारी लेखकाला लोक मायेनेच सांगतात, ‘आता आराम करा, लिहिण्याबिहिण्याचं मागाहून बघू.’ त्या मायेबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहिते. सत्तरी ओलांडली आहे, कंपवात म्हणजे पार्किन्सन्स अंगात मुरला आहे, आणि मी अजून कथा लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजारात लिहीत राहायचं असेल तर जुनं शरीर परत येण्याची वाट बघत बसायचं नाही. आज जे शरीर वाट्याला आलं आहे, त्याला झेपेल असं लेखन शोधायचं. ते पूर्वीसारखं नसेल. पण पूर्वीपेक्षा हलकंच असेल, हे कुणी ठरवलं?

कंपवात म्हटलं की लोकांना फक्त थरथरणारे हात दिसतात. लिहिणाऱ्याला आधी दिसतं ते वेगळंच. अक्षर बारीक होत जातं. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तशा सवयीने होणाऱ्या हालचाली आपोआप आखडतात. चालताना पावलं आखूड पडतात, लिहिताना अक्षरं. ओळीचा पहिला शब्द ठीक असतो. मध्यावर आल्यावर काने-मात्रे अंग चोरायला लागतात. शेवटच्या शब्दात ऱ्हस्व वेलांटी कुठली आणि दीर्घ कुठली हे माझं मलाच ओळखता येत नाही, आणि शिरोरेघ उताराला लागलेली असते. गंमत म्हणजे लिहिताना हाताला यातलं काही जाणवत नाही. आपण नेहमीसारखंच लिहितोय असंच वाटतं.

यावर एक साधा उपाय चालतो, तो कुणाच्या तरी कामी येईल म्हणून सांगते. कोऱ्या कागदावर लिहिणं सोडायचं आणि रुंद रेघांची वही घ्यायची. अक्षर खालच्या रेघेवरून वरच्या रेघेला टेकलं पाहिजे असं मनाशी म्हणत लिहायचं. डोळ्यांसमोर रेघ असली की हाताला बाहेरून खूण मिळते आणि अक्षर बऱ्यापैकी सावरतं. वेग मात्र जातो. ज्या वेळात पूर्वी पानभर मजकूर व्हायचा, त्या वेळात आता परिच्छेद होतो. पण हळू लिहिताना पुढचं विशेषण लिहायचं की नाही याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि बहुतेक वेळा ते विशेषण लिहिलंच जात नाही. माझ्या कथांचं यात भलंच झालं आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट गोळीची. लेव्होडोपा घेतल्यावर काही वेळाने शरीर मोकळं होतं, काही तास बरे जातात आणि मग पुन्हा सगळं आवळत येतं. आजार जुना होतो तसे हे बरे तास आखूड होत जातात. मी आयुष्यभर रात्री लिहिलं. सगळे झोपल्याशिवाय मला सुचायचंच नाही. आता लिहिण्याची वेळ गोळी ठरवते. सुरुवातीला याचा फार राग यायचा. पुढे वेळेची वाटणी बसली. शरीर मोकळं असतं तेव्हा नवा मजकूर लिहायचा. आवळलेलं असतं तेव्हा ऐकायचं. फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि कुठे खटकतं ते लक्षात ठेवायचं. लिहिणं म्हणजे बोटांनी अक्षरं उमटवणं एवढंच नसतं. ऐकणं, जुळवणं, काय नको ते ठरवणं हीही लेखनाचीच कामं आहेत, आणि ती पडल्या पडल्या होतात.

बोलून लिहिण्याबद्दल बरेच जण विचारतात. फोनला आता मराठी चांगलं कळतं. पण या आजारात आवाजही खाली जातो. आपल्याला वाटतं आपण नीट बोलतोय आणि समोरचा विचारतो, ‘काय म्हणालात?’ फोनचंही तेच. तो अर्धी वाक्यं गिळतो, विरामचिन्हं खातो आणि संवादात कोण बोलतंय याचा घोळ घालतो. त्यासाठी मोठ्या आवाजात बोलण्याचे व्यायाम असतात, स्पीच थेरपिस्ट ते शिकवतात आणि त्यांचा उपयोग होतो. त्या व्यायामांमुळे माझी वाक्यंही बदलली. एका श्वासात म्हणता येत नाही असं वाक्य आता मी रचतच नाही.

शरीराने लेखनाचं रूप बदलणं ही काही माझी एकटीची गोष्ट नाही. अर्जेंटिनाचे कवी-कथाकार बोर्हेस 1955 साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, आणि तोवर त्यांची नजर इतकी गेली होती की त्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं. घराण्यातून आलेलं अंधत्व हळूहळू वाढत गेलं होतं. मग ते पुन्हा वृत्तबद्ध, यमकाच्या कवितेकडे वळले. कारण अगदी व्यवहारातलं होतं. मुक्तछंदातली कविता कागदाशिवाय डोक्यात धरून ठेवणं अवघड, वृत्तातली ओळ मात्र पाठ राहते. ती चालता चालता मनात घडवता येते आणि नंतर कुणाला तरी सांगून लिहून घेता येते. त्याच सुमाराला, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जुनी इंग्रजी शिकायला घेतली. डोळे गेलेल्या माणसाने नवीन भाषा शिकायला घेणं, यापेक्षा मोठी आशा मला ठाऊक नाही.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना 1990 साली पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा जवळजवळ गेली. कवीची वाचा जाणं म्हणजे काय, याची कल्पना करवत नाही. त्यानंतरही त्यांचे नवे कवितासंग्रह आले. 2004 सालच्या संग्रहात प्रामुख्याने हायकू आहेत. सतरा अक्षरांची ती चौकट उरलेल्या शक्तीला बरोबर पुरत असणार असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पण मोजून मापून खर्च करावी लागणारी शक्ती मला चांगली ओळखीची आहे. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, आणि संगीतकारांनी खास त्यांच्यासाठी डाव्या हाताच्या रचना केल्या. 2011 साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत नामदेव ढसाळ होते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायू वापरले की थकतात, विश्रांती दिली की थोडे सावरतात, पुन्हा वापरले की पुन्हा थकतात. ऐंशीच्या दशकापासून 2014 साली जाईपर्यंत त्यांनी हा आजार अंगावर वागवला, शेवटी कर्करोगही आला. या सगळ्या काळात त्यांचे संग्रह येत राहिले. त्या कवितांचा आवाज कुठे थकलेला वाटतो का, हे ज्याने त्याने वाचून ठरवावं. मला तर कुठेच वाटला नाही.

अरुण कोलटकरांचं उदाहरण थोडं निराळं आहे. त्यांचा पहिला मराठी संग्रह 1977 सालचा. त्यानंतर कितीतरी वर्षं ते लिहीत होते, पण पुस्तक करत नव्हते. 2004 च्या सप्टेंबरात कर्करोगाने ते गेले, आणि त्याआधीच्या दोनेक वर्षांत मराठी आणि इंग्रजी दोन्हींत त्यांची पुस्तकं एकापाठोपाठ एक आली. त्यातलं बरंचसं लेखन आजाराच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं होतं. म्हणून उतारवयातल्या लेखकांना मला हे सांगावंसं वाटतं की नवीन सुचत नसेल तर कपाट उघडा. अर्धवट राहिलेलं, बाजूला ठेवलेलं, कधी काळी धाडस न झालेलं पुन्हा वाचा. निवड करणं, क्रम लावणं, एखादी ओळ काढून टाकणं हेही लेखन आहे, आणि त्यासाठी लागणारी जाण तिशीत नसते.

आता ज्या गोष्टीवर फार कमी बोललं जातं तिच्याकडे येते. कंपवातात, आणि इतरही काही आजारांत, माणसाची इच्छाच विझते. दुःख होत नाही, रडू येत नाही, नुसतं काही करावंसं वाटत नाही. वही समोर असते, वेळ असतो, हातही बरा असतो, आणि तरी आत काही हलत नाही. लेखक याला ‘आपलं संपलं’ म्हणतो. घरचे आळस म्हणतात किंवा म्हातारपण म्हणतात. पण डोपामिनचा संबंध फक्त हालचालींशी नसतो, ओढीशीही असतो. एखादी गोष्ट करावीशी वाटणं हेसुद्धा त्याच रसायनावर बऱ्याच अंशी चालतं. म्हणजे ही इच्छा न होणं आजाराचंच लक्षण असू शकतं, जसा हाताचा ताठरपणा. त्यात स्वभावाचा दोष नाही, प्रतिभा आटल्याचा पुरावाही नाही. यासोबत खरं नैराश्यही येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा डॉक्टरांना नुसते हात-पाय दाखवून परत येऊ नका. ‘मला लिहावंसं वाटत नाही’ हे लक्षण म्हणून त्यांना सांगा. संकोच वाटतो, मलाही वाटला. पण सांगितल्यावर औषधांत बदल झाला आणि काही आठवड्यांनी एक पात्र पुन्हा डोक्यात बडबड करायला लागलं. प्रत्येकाच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण सांगायलाच हवं.

म्हातारपणाचं म्हणाल तर आधी नावं जातात. माणसांची, गावांची, झाडांची. नाव जिभेवर असतं, पण येत नाही. हे या वयात जवळजवळ सगळ्यांचंच होतं. उलट शब्दसंपदा बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, कित्येकदा वाढतेही. मंदावतो तो वेग. म्हणून नाव आठवलं नाही तर मी तिथे जागा सोडते आणि पुढे जाते. नाव नंतर कधीतरी, भलत्याच वेळी, आपसूक येतं. त्या एका नावापायी अख्खा प्रसंग हातचा घालवायचा नाही.

लिहिल्याने माणूस बरा होतो का? लोकांना ‘हो’ ऐकायचं असतं. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांवर लिहायला लावलं होतं. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. त्यानंतर असे खूप प्रयोग झाले. काहींत फायदा दिसला, काहींत नाही, आणि दिसला तिथेही तो बेताचाच होता. तेव्हा लेखनाला औषध म्हणणं मला रुचत नाही. औषध औषधाच्या जागी घ्यावं. लेखनाने माझा कंपवात कमी झाला नाही, होणारही नाही. पण दिवसातले जे काही तास मी कथेत असते, त्या तासांत मी रुग्ण नसते. मला ठरवायचं असतं की सून दार उघडेल की नाही, आणि उघडलं तर पहिलं वाक्य कोण बोलेल. तपासणीचा कागद त्या वेळी कुठे असतो, मला माहीत नसतं.

आशेचंही असंच. सगळं ठीक होईल या आशेवर मी जगत नाही, कारण हा आजार मागे फिरत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी आशा फार लहान मापाची आहे. आज लिहून उठताना पुढचं वाक्य मनात तयार असावं, ते मुद्दाम लिहायचं नाही, उद्यासाठी ठेवायचं. रवींद्रनाथांनी 30 जुलै 1941 रोजी, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, एक कविता सांगून लिहून घेतली. आठ दिवसांनी, 7 ऑगस्टला, ते गेले, आणि त्या कवितेवर पुन्हा हात फिरवायला त्यांना मिळालं नाही. ऐंशी वर्षांचा, आयुष्यभर लिहिलेला माणूस त्या सकाळीही कविता सांगत होता. तिला शेवटची कविता आपण नंतर म्हटलं. त्यांच्यासाठी ती फक्त पुढची कविता असणार. हे आठवलं की मला बळ येतं.

शेवटी ज्यांच्या घरात असा एखादा लिहिणारा माणूस आहे त्यांच्यासाठी. त्याला मदत करायची असेल तर लिहून घ्यायला बसा, आठवड्यातून एकदा बसलात तरी चालेल. बसलात की काही पथ्यं पाळा. तो अडला तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो, तेव्हा घड्याळाकडे बघू नका, फोन तर नाहीच नाही. व्याकरण तिथल्या तिथे सुधारू नका. तो म्हणेल ते, तो म्हणेल तसं उतरवा, परिच्छेद झाला की सावकाश वाचून दाखवा आणि मग गप्प बसा. तो म्हणेल ‘खोडा’, तर खोडा, तुम्हाला ती ओळ कितीही आवडली असली तरी. पुढच्या वेळी जाल तेव्हा तब्येतीची चौकशी नंतर करा. आधी मागच्या खेपेचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवा.