लंडनवाल्याची धास्ती कुणाला?

विदेशी लॉ फर्म (वकिलांच्या कंपन्या) भारतात आल्या की इथल्या वकिलांच्या पोटावर पाय येणार, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. वकिली व्यवसायाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२३ च्या नियमांत (२०२५ मध्ये सुधारलेल्या) त्यांना कोर्टात उभं राहायला मुभाच नाही. मुभा आहे ती परदेशी कायद्याचा सल्ला, आंतरराष्ट्रीय लवाद (कोर्टाबाहेर तंटा सोडवणं) वगैरेंची. तेही त्यांचा देश आपल्या वकिलांना घेत असेल तर. ठाणे कोर्टात चेक बाउन्स नि वाटपाचे दावे चालवणाऱ्या आम्हाला कसली धास्ती? कोर्टाच्या कागदांच्या नकलांसाठी रांगेत तासभर उभं राहून दाखवा म्हणावं त्यांना!

काळजी ज्युनिअर्सची वाटते. ऐरोलीत बसून परदेशी करार चाळणारी एलएलबी झालेली पोरं माझ्या ओळखीत आहेत. ते काम आता एआयकडे सरकतंय. त्यावर लेखात अवाक्षर नाही.