मार्थाने कात्री उचलली, त्याचं काय?

नमस्कार. माझ्या लिखाणावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की लहानपणापासून अंध आणि बहिरी असलेली अमेरिकन लेखिका हेलन केलर आणि तिची बालपणीची सोबतीण मार्था वॉशिंग्टन यांच्या नात्याला मी उगाच मैत्रीचा मुलामा दिला. मार्था कृष्णवर्णीय, त्यात हेलनच्या घरच्या स्वयंपाकिणीची मुलगी. मालकाच्या लेकीचं ऐकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. शिवाय शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन येईपर्यंत हेलनला भाषाच नव्हती, मग मैत्री कसली?

भाषेचं आधी उरकतो. सलिव्हनबाई हेलनच्या गावी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कंबियाला पोचल्या ३ मार्च १८८७ला. तोवर घरात हेलनच्या खाणाखुणा मजेत चालत होत्या. ओढलं की ये, ढकललं की जा. आइस्क्रीम हवं असेल तर यंत्र फिरवल्यासारखं करून कुडकुडायचं. मार्थाला हे सगळं बरोबर समजायचं. हेलनने हात मुडपून जमिनीवर टेकवले, की गवतात गिनी कोंबडीची अंडी शोधायला निघायचं! अंडी सापडली की घरी न्यायची मात्र हेलननेच. तू पडशील, फोडशील, असं ही दृष्टिहीन पोर डोळस मार्थाला खुणांनी दटावायची.

आता मुख्य आक्षेप. हेलनचे वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्यात कॅप्टन होते आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली त्याला जेमतेम वीस वर्षं झाली होती. त्या घरात दोन मुली बरोबरीच्या असणं शक्यच नव्हतं. हे हेलनही लपवत नाही. मार्थावर हुकूम गाजवायला मला आवडायचं आणि मारामारीपेक्षा माझा जुलूम परवडला म्हणून ती बहुधा ऐकायची, असं तिने १९०३च्या आत्मचरित्रात सरळ लिहिलंय. सगळी हकीकत तिच्याच बाजूची आहे, हेही मान्य.

पण त्याच आत्मचरित्रात जुलैतली एक दुपार आहे. दोघी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर कागदी बाहुल्या कापत बसलेल्या. त्याचा कंटाळा आल्यावर बुटांच्या नाड्या कापून झाल्या, वेलीची हाताला येतील ती पानं कापून झाली. मग हेलनचा मोर्चा मार्थाच्या केसांकडे वळला. ते नाड्यांनी बांधलेले, स्क्रूसारखे उभे राहायचे. मार्थाने आधी विरोध केला, मग कापू दिले. इथवर तुमचं खरं. पण पुढे? मार्थाने कात्री घेतली आणि हेलनची एक सोनेरी बट उडवली. आई वेळेवर आली नसती तर सगळ्याच कुरळ्या बटा गेल्या असत्या. १८८०च्या दशकातल्या अलाबामात कॅप्टनसाहेबांच्या मुलीच्या डोक्याला कात्री लावणारी ही पोर! तिला नुसती राबणारी ठरवलंत, तर तिचा हा आगाऊपणा कुठे ठेवायचा?

मला गोडवेच गायचे असते तर १९१६ची गोष्टही जोडली असती. त्या वर्षी हेलनने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला पत्र आणि देणगी पाठवली आणि अलाबामात तिच्यावर टीका झाली. मार्थाशी त्याचा धागा जोडणं मोहाचं होतं. मी तो जोडलेला नाही.

आणि तो केक विसरू नका. मार्थाच्या आईने नुकताच आयसिंग लावून ठेवलेला. दोघींनी तो लाकडाच्या ढिगाकडे पळवला आणि कणही न ठेवता फस्त केला. हेलन त्यानंतर चांगलीच आजारी पडली. आता सांगा, स्वयंपाकीण आईने केलेला केक मालकाच्या मुलीबरोबर पळवणं हे कोणत्या नोकरीत बसतं?