म्हणे सगळ्यांकडे आहे!

पाचवीतल्या लेकीचं रोजचं पालुपद, "आई, वर्गात सगळ्यांकडे फोन आहे!" नाहीये सगळ्यांकडे, मी चार आयांना विचारलंय. पण शाळेचा गृहपाठ येतो रात्री नऊला, ग्रुपवर! मग माझाच फोन तिच्या हातात, आणि तासाभराने बघावं तर रील्स चालू. अहो, वहीत लिहून द्या ना गृहपाठ! इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नियमात किमान वय १३ आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ पर्यंत मूलच धरलंय. आणि हिचा मामा दहाव्या वाढदिवसाला स्मार्टफोन घेऊन येतो, आम्हाला न विचारता! परत ने म्हटलं तर मीच वाईट. क्लासला एकटी जायला लागली की साधा बटणांचा फोन देईन. तोवर नाही म्हणजे नाही.