एकवीस अक्षरांचं नाव

पिट्सबर्गला असताना मी ऑफिसला जायचे ती एका पिवळ्या पुलावरून. रोबेर्तो क्लेमेंटे पूल. पलीकडे बेसबॉलचं मैदान. त्या मैदानाची उजव्या बाजूची भिंत बरोबर २१ फूट उंच बांधलेली आहे, कारण पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा खेळाडू क्लेमेंटे मैदानात उजव्या बाजूला उभा राहायचा आणि त्याच्या पाठीवर २१ आकडा असायचा. हा आकडा त्याने का घेतला, ते कळलं तेव्हापासून हा माणूस मला जवळचा वाटायला लागला. ते पुढे सांगते.

क्लेमेंटेबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. तीनच महिन्यांपूर्वी त्याने तीन हजारावा हिट (चेंडू टोलवून बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यावर, सुखरूप पोहोचणं) मारला होता. शेवट असा असला की माणूस एकदम देवघरात जाऊन बसतो. मला मात्र त्याची १९५४ ते १९५९ ही वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. तेव्हा तो महान नव्हता, त्याची पाठ दुखत होती, आणि आजूबाजूच्या लोकांना त्याचं नावसुद्धा नीट घ्यायचं नव्हतं.

जन्म १९३४ चा, पोर्तो रिकोतल्या कारोलिना गावचा. सात भावंडांत धाकटा. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. शाळेत असताना भालाफेक करायचा, आणि पुढे सगळं जग ज्या थ्रोने थक्क झालं त्या थ्रोचं मूळ लोक तिथे शोधतात. अठराव्या वर्षी पोर्तो रिकोतल्याच सांतुर्सेच्या संघात. फेब्रुवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स या संघाने १० हजार डॉलरचा बोनस देऊन त्याच्याशी करार केला.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. ४ हजार डॉलरच्या वर बोनस दिलेला नवखा खेळाडू दोन वर्षं मुख्य संघात ठेवला नाही, तर हंगाम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकत असे. डॉजर्सनी त्याला मुख्य संघात न घेता कॅनडात मॉन्ट्रियल रॉयल्स या आपल्या दुय्यम संघाकडे पाठवलं. तिथे तो ८७ सामने खेळला आणि त्यात बॅटिंगच्या संधी मिळाल्या फक्त १४८. एका सामन्यात तर पहिल्याच डावात, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याला थांबवून दुसरा बॅटर पाठवला. दुसऱ्या संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम लपवलं, असं तो स्वतः मानत होता. मॅनेजर मॅक्स मेकन यांनी ते नाकारलं, आणि आजचे काही अभ्यासकही ते मान्य करत नाहीत. खरं काहीही असो, एकोणीस वर्षांच्या पोराच्या बाजूने बघा. इंग्रजी येत नाही, फ्रेंच येत नाही, थंडी अशी की हाडं गोठावीत, आणि चांगलं खेळलं की बाकावर का बसवतात हे कुणी त्याच्या भाषेत समजावून सांगत नाही.

लपवलं असेल तरी उपयोग झाला नाही. पिट्सबर्ग पायरेट्सचे क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला आले होते. सामन्याआधीच्या सरावात क्लेमेंटेचे थ्रो पाहिले आणि त्यांचा शोध तिथेच संपला. (मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला १९४५ मध्ये डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या भेटीला घेऊन आलेले सुकफोर्थ ते हेच. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची सर्वात वरची पातळी.) पायरेट्स त्या वर्षी तळाला होते, म्हणून निवडीचा पहिला मान त्यांचा. नोव्हेंबर १९५४ मध्ये ४ हजार डॉलर मोजून त्यांनी क्लेमेंटेला घेतलं.

आणि डिसेंबरमध्ये अपघात झाला. मोठा भाऊ ब्रेन ट्यूमरने अत्यवस्थ होता. त्या धावपळीत एका दारू प्यायलेल्या चालकाने क्लेमेंटेच्या गाडीला धडक दिली. मणक्यांमधल्या गाद्यांना इजा झाली. भाऊ गेला. पुढे प्रत्येक वेळी बॅटिंगला उभं राहताना तो मान वाकवायचा, फिरवायचा, खांदे सैल करायचा. लोकांना ती लकब वाटायची. ते त्या अपघाताचं दुखणं होतं.

१७ एप्रिल १९५५ ला तो पायरेट्सकडून पहिल्यांदा खेळला, तेही डॉजर्सच्याच विरुद्ध, आणि पहिल्याच वेळी हिट मिळवला. वर्षाअखेर सरासरी मात्र .२५५, म्हणजे हजार वेळांत २५५ हिट. हजारात तीनशे काढणारा चांगला बॅटर धरतात. १९५६ ला .३११ आणि १९५७ ला, पाठ अगदीच धरलेली असताना, .२५३. हे चढउतार बघून वर्तमानपत्रांनी काय लिहावं? हा दुखण्याचं सोंग करतो. रडतराऊत आहे. कुणाला दुखतं हे सांगायलाही भाषा लागते, आणि त्याची भाषा ऐकणारं तिथे फार कुणी नव्हतं. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे बोलायचा ते काही पत्रकार त्याच्या उच्चारासकट छापायचे, 'हिट'चं 'हीट' करून. अर्थ बाजूला राहायचा, टिंगल छापून यायची. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. म्हणजे हा परका कधीच नव्हता! मला अजूनही याची चीड येते.

शिवाय तो काळा. फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या सराव शिबिरात गोरे खेळाडू हॉटेलात आणि काळे खेळाडू गावाच्या दुसऱ्या टोकाला लोकांच्या घरी. वाटेत बस जेवायला थांबली की काळ्यांनी बसमध्येच बसून राहायचं, कुणीतरी आतून आणून देईल ते खायचं. पोर्तो रिकोत त्याने हे असं पाहिलं नव्हतं.

१९५६ च्या २५ जुलैला त्याने काय केलं ते बघा. पायरेट्सचं मैदान फोर्ब्स फील्ड, समोर शिकागो कब्जचा संघ, शेवटचा डाव, पायरेट्स तीन धावांनी मागे, तिन्ही बेस भरलेले. क्लेमेंटेने पहिल्याच चेंडूवर फटका मारला. चेंडू मैदानाबाहेर गेला नाही, भिंतीपाशी घरंगळत राहिला. तिघं घरी, म्हणजे धाव पूर्ण होते त्या होम बेसवर, पोहोचले, बरोबरी झाली. तिसऱ्या बेसपाशी मॅनेजर बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून थांब म्हणत होते. हा थांबलाच नाही. त्यांना ओलांडून सुसाट घरी आला, ९-८. तिन्ही बेस भरलेले असताना चौघांनाही घरी आणणाऱ्या फटक्याला ग्रँड स्लॅम म्हणतात, आणि सामना संपवणारा असा पळून काढलेला ग्रँड स्लॅम मेजर लीगच्या नोंदींत हा एकच आहे. दुखऱ्या पाठीचा, सोंगाड्या म्हणवला गेलेला माणूस होता हा. उजव्या कोपऱ्यातून त्याने १९५८ मध्ये २२ धावपटू थ्रोवर बाद केले, तेही दुखऱ्या पाठीनेच.

आता नावाचं. माझं नाव मंदाकिनी. पिट्सबर्गच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात मी मँडी झाले. कुणी विचारलं नाही, मीही चार वर्षं काही बोलले नाही. क्लेमेंटेला समालोचक बॉबी म्हणायचे, बेसबॉल कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब क्लेमेंटे' छापून यायचं. तो सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो आहे. त्यावरूनही लोक त्याला चिडका म्हणाले.

आणि तो २१ आकडा. पहिल्यांदा त्याला १३ नंबर मिळाला होता. मग त्याने आपल्या पूर्ण नावातली अक्षरं मोजली, असं सांगतात. रोबेर्तो क्लेमेंटे वॉकर, रोमन लिपीत सात, आठ आणि सहा. एकवीस. क्लेमेंटे हे वडिलांचं आडनाव, वॉकर हे आईचं, आणि स्पॅनिश रीतीप्रमाणे आईचं शेवटी येतं. बॉब म्हणणाऱ्यांच्या समोर तो आईवडिलांसकट आपलं अख्खं नाव पाठीवर घेऊन उभा राहायचा.

हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या ईमेलखाली मंदाकिनी लिहिलं. वडिलांच्या नावासकट. अमेरिकन फॉर्मात ते 'मधलं नाव' होतं आणि बँकेपासून दवाखान्यापर्यंत कुणीही ते गाळून टाकतं, हे आपल्यापैकी तिथे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या दालनात, १९७३ ला त्याची पाटी लागली. त्यावर कोरलं होतं, रोबेर्तो वॉकर क्लेमेंटे. आईचं आडनाव त्यांनी उचलून मध्ये टाकलं होतं. २००० साली ती पाटी काढून नवी बसवली. आता तिथे रोबेर्तो क्लेमेंटे वॉकर आहे.