विटांच्या जुन्या घराला सिमेंटचं चिलखत चढवू नका

बेळगावात सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘1910-20 ची विटांची घरं गूळ-अंड्याच्या चुन्यात बांधलेली आहेत. दीड फुटी भिंत भूकंपालाही दाद देत नाही. बाहेरून फक्त सिमेंटचा गिलावा मारा, शंभर वर्षं ओल नाही.’ शहापूरच्या मामांनी हे वाचून सिमेंटची पोती उतरवूनसुद्धा घेतली!

गूळ-अंडी आधी उरकू. चुन्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालत, एवढं खरं. अंड्याचा पांढरा भाग मात्र तमिळनाडूतल्या चेट्टिनाडकडे वरच्या थराला चकाकी यावी म्हणून घालत. विटा धरून ठेवतो तो चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड). भूकंपाचं तर सोडाच: भिंत जड, तेवढा हादऱ्याचा जोर जास्त. जाडी कसली मोजता, कोपरे एकमेकांत गुंफलेत का ते बघा.

खरा घात गिलाव्यात आहे. वीट पाणी पिते. आजच्या नव्या साध्या विटेलाही आयएस 1077 हे भारतीय मानक वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं, म्हणजे तीन किलोच्या विटेत 600 ग्रॅम. चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, आणि गिलाव्यातून वाळून जातं. सिमेंट ती वाट बुजवतं. केसासारख्या भेगांतून, फुटक्या कौलांतून, जमिनीतून पाणी येतच राहतं. बाहेर पडता येईना की ओल भिंतीत वर चढते आणि घराच्या आत उतरते. क्षार गिलाव्यामागे साचून स्फटिक होतात नि विटेचं तोंड भुगा होतं. चार-पाच पावसाळ्यांनी भिंतीवर टिचकी मारा, पोकळ आवाज येईल. मग गिलाव्याचा पापुद्रा पडतो तो विटेची साल घेऊनच. भिंतीत गेलेली तुळईची टोकंही तोवर कुजत असतात, ती दिसतसुद्धा नाहीत. वॉटरप्रूफ रंगाचंही तेच.

आधी पाणी अडवा: पन्हाळ, फुटकी कौलं, जोत्याला टेकलेला मातीचा भराव. सिमेंट आधीच मारलेलं असेल तर छिन्नी-हातोडीने हळू काढा. ब्रेकर लावलात तर विटाही येतील. सुटलेल्या दरजा 20 मिलिमीटर खोल खरवडा, झाडून भिजवा, मुरवलेला चुना एक, सुरखी एक, वाळू दोन अशा मिश्रणाने दाबून भरा. गिलावा 10-12 मिलिमीटरच्या थरांत द्या, पहिला आवळल्याशिवाय दुसरा नको. आठवडाभर ओलं गोणपाट झाकून ठेवा, नाहीतर उन्हाने चुना वाळेल, पण आवळणार नाही. काम दसऱ्यानंतर काढा. जूनमध्ये काढलंत तर पाऊस धुऊन नेईल.

गवंडी म्हणेल, ‘चुन्यात मूठभर सिमेंट टाकू, लवकर आवळेल.’ टाकू देऊ नका. मामांची पोती परसातल्या हौदाला लागतील.