घरी आहे म्हणजे रिकामी नाही

"घरीच तर आहेस ना?" हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं. बहिस्थ एम.ए. करतेय मी, अर्थशास्त्रात. ना वर्ग, ना सर, ना शंका विचारायला कोणी. सगळं एकटीने वाचायचं आणि तीन तासांच्या पेपरात उतरवायचं.

आज आयएस-एलएमची आकृती काढत होते. व्याजदर आणि उत्पन्न एकत्र कसे ठरतात ते दाखवणारे दोन वक्र: आयएस वस्तूंच्या बाजाराचा, एलएम पैशाच्या बाजाराचा. हिक्स या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्ये मांडलेलं मॉडेल, अर्थतज्ज्ञ केन्सचा विचार समजायचा तर ते टाळून चालत नाही. सरकारी खर्च वाढला की आयएस वक्र उजवीकडे सरकतो, व्याजदर चढतो, खासगी गुंतवणूक थोडी मागे हटते. तिसऱ्या वाचनात कुठे डोक्यात बसत होतं, तेवढ्यात काकूंची हाक. "तुले काय काम शे? चल, कुरडया घालू."

गेले. चोपड्याचं मे महिन्यातलं ऊन, तापलेली गच्ची. परत आले तर बोटांना गव्हाचा चीक, आकृतीचं पानच चिकटून फाटलं. रडूच आलं.

कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावाच्या खोलीचं दार मात्र कोणी वाजवत नाही. त्याचा तेवढा अभ्यास! मला रोज सलग दोन तास द्या हो. दळण, भांडी, कुरडया, सगळं करते मी त्यानंतर.